आकसपट्टी

उद्यमबागेत सातला पाणी येतं,
आठला भोंगा,
आणि साडेआठला मी कुलूप काढून
बाकाजवळ बसतो.
बसतो म्हणजे नुसता बसतो.

एकेचाळीस दिवस हे चाललंय.
पंपाच्या पॅटर्नची एक फाळकी
शेगड्यात तशीच अडकून आहे,
तिच्यावर धूळ, धुळीत
माझ्याच बोटानं मारलेली एक रेघ.
कधी मारली, आठवत नाही.

कामं नाहीत असं नाही.
चिकोर्डे शेठ दर सोमवारी फोन करतात,
"मेस्त्री, झालं काय?"
"होतंय की," म्हणतो.
होत नाही.
पटाशी उचलली की हात विचारतो, कशाला?
आणि हाताला सांगण्यासारखं
माझ्याकडे काही नसतं.

बायको म्हणाली, यल्लम्माला जाऊन येऊ.
धाकट्यानं पुण्याहून व्हिडिओ धाडला,
सूट घातलेला एक माणूस स्टेजवर ओरडत होता
की आतली आग ओळखा.
अरे बाबा, भट्टीशेजारी सव्वीस वर्षं काढली,
आग मी ओळखतो.
पहाटे चारला उठून
कुणीतरी कोक भरल्याशिवाय ती पेटत नाही.

तिसऱ्या फाटकापाशी उभा राहून
मालगाडीचे डबे मोजायचो,
सत्तावन्न, अठ्ठावन्न,
पुढं धुकं.
शेवटचा डबा एकदाही दिसला नाही.
तेवढंच दिवसाचं काम.

मग शुक्रवारी निंगव्वा आली.
मच्छ्याहून येते, वाळूचे कोअर भरते,
नखांत कायम काळं.
पिशवीतून काढलं डाळीच्या पातेल्याचं झाकण,
मूठ जळून गेलेलं.
"ह्याला एक मूठ लावून सोडा की, मेस्त्री.
फडकं धरून धरून बोटं भाजाल्यात."
म्हटलं, उद्या.
ती तिथंच टेकली.
"सुम्न कुंत्र ह्यांग?" म्हणाली,
गप बसून कसं चालायचं,
मला म्हणाली की झाकणाला, कळलं नाही.

सागाचा तुकडा पायाशीच होता,
दाराला पाचर म्हणून ठोकलेला.
तोच उपसला.
दार वाऱ्यानं आपटलं, आपटू दिलं.
मोजलं नाही, आखलं नाही,
तिच्या हाताकडे एकदा बघितलं फक्त.
करंगळीला एक पेर कमी.
त्या बाजूनं जरा खोल कोरलं.

पहिली कपची निघाली आणि वास आला,
तेलकट, कडवट,
ओल्या चामड्यासारखा.
मी काही शहारलो वगैरे नाही.
दुसरी कपची काढली.
मग तिसरी.

वीस मिनिटं आणि एक स्क्रू.
तिनं झाकण उघडलं, झाकलं, पुन्हा उघडलं,
हवेतल्याच पातेल्यावर.
"छलो आत," म्हणाली
आणि मी नको म्हणायच्या आत
दहाची नोट रंध्याखाली सरकवून गेली.

ती गेल्यावर खणातून आकसपट्टी काढली.
नव्या पोरांना ही ठाऊक नसते.
हिचा इंच खऱ्या इंचाहून जरा मोठा.
बीड निवताना आकसतं, शंभरास एक,
म्हणून लाकडातच तेवढं जादा धरायचं.
बाबाजान वस्ताद कान पिळून सांगायचे,
"घट धरून माप घे रे.
मोजून बरोबर केलास
तर ओतल्यावर चुकणारच."

मी बहुतेक हे दिवस
साध्या पट्टीनं मोजत होतो.
घट धरलीच नव्हती.

आता हे मला पुरतं पटलंय असंही नाही.
माणूस म्हणजे बीड नव्हे.

पण फडकं घेतलं.
धूळ पुसायच्या आधी
त्या रेघेवरून पेन्सिल फिरवली,
बरोब्बर मध्यावर होती.

सोमवारी फोन वाजला.
"मेस्त्री, झालं काय?"
"नाही," म्हटलं,
"पण एक बाजू धरलीय."
आणि फोन खांद्याशी दाबून
आपटणाऱ्या दाराला
नवी पाचर शोधत राहिलो.